फुकट वाटलेली टेप आणि खरेपणाचा दाखला



आमच्या धाकट्या नातवाची बार-मित्स्वा जवळ आली आहे. घरात सकाळ-संध्याकाळ पाराशाचे पाठांतर चालू असते. परवा मात्र स्वारी शाळेतून तोंड पाडून आली. दप्तर कोपऱ्यात टाकले आणि म्हणाला, "सव्ता, वर्गातला एक मुलगा विचारतो, तुम्ही तर हिंदुस्थानातले, तुम्ही कधीपासून यहुदी?"

आमचे डोके तापले. आम्ही लगेच सुरू केले. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, कोकणातले शनिवार तेली, शब्बातला बंद राहणारे घाणे. पण तो म्हणाला, "सव्ता, थांब. मी त्याला उत्तर दिलंय. मी म्हटलं, ड्रेकचा रंग बघ. तो यहुदी आहे ना? मग मी का नसणार?"

"हा ड्रेक कोण बाबा? कुठल्या गावचा?" आम्ही विचारले.

यावर त्याची मोठी बहीण हसून हसून लोळली. ती म्हणाली, ड्रेक म्हणजे रॅप म्हणणारा गायक, आणि तो काही खरा रॅपर नव्हेच. झाले, भावाबहिणीत जुंपली. तो खरा की खोटा, यावर अर्धा तास वाद. आमचे हे खोलीतून ओरडले, "अरे, आधी त्या आजीला सांगा तरी काय आहे ते!"

तर या वेळचे सदर त्या ड्रेकवर, आणि त्याच्या एका टेपवर. वडीलधाऱ्यांनी पान उलटू नये. शेवटी आपल्याच दारात येऊन थांबणार आहोत.

या गायकाचे पूर्ण नाव ऑब्री ड्रेक ग्रॅहम. जन्म 24 ऑक्टोबर 1986, कॅनडातल्या टोरोंटो शहरात. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, मेम्फिस गावचे ड्रमवादक. आई कॅनडातली गोरी यहुदी, पेशाने शिक्षिका. मुलगा पाच वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले आणि आईनेच त्याला वाढवले. तो यहुदी शाळेत गेला, त्याची बार-मित्स्वा झाली. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे आई यहुदी तर मूल यहुदी, तेव्हा त्याच्या यहुदीपणात कायद्याने कसलीच शंका नाही. पण मुले कुठे शास्त्र वाचतात? शाळेत त्याला रंगावरूनही छळले आणि धर्मावरूनही. त्याने स्वतःच हे पुढे मुलाखतींत सांगितले आहे. हे ऐकून आमचा राग थोडा निवळला. म्हटले, चला, आपल्या नातवाला दूरचा का होईना, एक सोबती आहे.

आता ती टेप. तिला मिक्सटेप म्हणतात. मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांना हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जे लोक पार्टीत तबकड्या वाजवीत, ते आपला कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेत. मग त्या कॅसेटी हातोहात फिरत. कंपनी नाही, दुकान नाही. पुढे कॅसेटीच्या जागी सीडी आली, नंतर इंटरनेट आले, पण नाव टेपच राहिले. नवा रॅपर काय करतो? दुसऱ्याचे गाजलेले संगीत घेतो आणि त्यावर आपले शब्द म्हणतो. संगीत दुसऱ्याचे असल्याने परवानगीशिवाय ते विकता येत नाही. म्हणून मिक्सटेप बहुधा फुकटच वाटतात. उद्देश एकच, लोकांनी आपले नाव ऐकावे.

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे 'चाल' म्हण की!" अगदी बरोबर. जुन्या मराठी पदांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर छापलेले असायचे, 'चाल : अमुक पदाची'. चाल लोकांच्या ओठांवरची, शब्द आपले. आपल्या समाजातले कीर्तनही याच वाटेने आले. शेजारच्या हिंदू कीर्तनकारांकडून आपल्या वाडवडिलांनी पद्धत घेतली, पेटी-तबला घेतला, आणि आख्यान लावले अब्राहामाचे, योसेफाचे, एस्तेर राणीचे. मधेच गाणे, मधेच तालात बोलणे. नातीला आम्ही थोडे म्हणून दाखवले तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "सव्ता, हे तर रॅप आहे!" आम्ही म्हटले, "बाई गं, रॅप पन्नासेक वर्षांचं. हे तुझ्या खापरपणज्यांनी ऐकलंय."

असो. ड्रेक तरुणपणी कॅनडाच्या दूरदर्शनवर 'डग्रासी : द नेक्स्ट जनरेशन' या शाळकरी मुलांच्या मालिकेत काम करी. त्यात त्याची भूमिका बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाची. वर्गातला एक मुलगा त्याला गोळी घालतो आणि तो चाकाच्या खुर्चीला खिळतो. खऱ्या आयुष्यात घरी आई आजारी, पैशाची ओढाताण आणि मिळकत तेवढ्या मालिकेची. रात्री जागून तो गाणी करी. 2006 साली पहिली मिक्सटेप काढली, 'रूम फॉर इम्प्रूव्हमेंट', म्हणजे 'सुधारणेला वाव'. नाव ऐकून आम्हाला हसू आले. आपल्या प्रगतिपुस्तकात मास्तर लिहायचे तसे! 2007 साली दुसरी, 'कमबॅक सीझन'. दोन्ही थोड्याफार लोकांनी ऐकल्या, पण नशीब उघडले नाही.

2008 साली लिल वेन या अमेरिकेतल्या मोठ्या रॅपरच्या कानावर त्याची गाणी पडली. त्याने फोन करून मुलाला ह्यूस्टनला बोलावून घेतले आणि आपल्या दौऱ्यावर बरोबर नेले. एवढा मोठा माणूस पाठीशी उभा राहिला. तरीही कुठल्या कंपनीचा करार हातात नव्हता.

आणि मग 13 फेब्रुवारी 2009 रोजी तिसरी मिक्सटेप आली, 'सो फार गॉन'. म्हणजे 'इतका दूर गेलेला'. तारीख तेरा आणि वार शुक्रवार. इंग्रज लोक या दिवसाला अपशकुनी मानतात. आपल्याला काय, शुक्रवार म्हणजे शब्बातची चाहूल आणि तेरा म्हणजे बार-मित्स्वाचे वय. टेप इंटरनेटवर फुकट ठेवली होती. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, एक पैसा नको.

आत काय होते? पहिली गोष्ट, हा मुलगा रॅपही म्हणे आणि गातही असे, दोन्ही एकाच गाण्यात. दुसरी, विषय. बंदुका आणि मारामारीऐवजी मनातली चलबिचल जास्त. यश हवे आहे पण भीती वाटते, माणसे दुरावतात, एकटेपणा, पोरीबाळींची आठवण. तिसरी गोष्ट, चाली कुठून कुठून आणल्या! एक स्वीडनच्या गायिकेची, एक स्वीडनच्याच एका बँडची, एक इंग्लंडच्या कोल्डप्ले या मंडळींची. रॅपवाले सहसा तिकडे वळत नसत.

या टेपमागे आणखी एक माणूस आहे, नोआ शबीब, टोपणनाव 'फोर्टी'. तोही टोरोंटोचाच. टेपचा खास आवाज बराचसा त्याने घडवला. ऐन विशीत त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार झाला, हे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. आमची सारी नोकरी वॉर्डात गेली. या आजाराचे तरुण रोगी आम्ही पाहिले आहेत. कधी हाताला बधिरपणा, कधी पाय उचलत नाही, आणि थकवा असा की बाहेरच्याला तो आळस वाटावा. अशा शरीराने रात्र-रात्र बसून एवढे काम करायचे, याला काय म्हणावे! फोर्टीची पद्धत अशी की संगीतातले टोकदार उंच सूर कमी करून टाकायचे. मग गाणे भिंतीपलीकडच्या रेडिओसारखे दबके येते आणि त्यावर गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ उठतो. म्हातारपणी कानाला आधी उंच सूरच ऐकू येईनासे होतात. तेव्हा हे संगीत आम्हा म्हाताऱ्यांच्या सोयीचेच म्हणायचे!

पुढे जे झाले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. टेप फुकट, पण तिच्यातले 'बेस्ट आय एव्हर हॅड' हे गाणे अमेरिकेच्या रेडिओने उचलले आणि 2009 च्या उन्हाळ्यात ते बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. या गाण्याचे संगीत बॉयवनडा नावाच्या तरुणाचे, जन्माने जमैकाचा, वाढला कॅनडात. 'सक्सेसफुल' हे दुसरे गाणेही गाजले. मग कंपन्यांची चढाओढ लागली. जून 2009 मध्ये लिल वेनच्या यंग मनी कंपनीशी करार झाला. सप्टेंबरात टेपमधली पाच गाणी आणि दोन नवी अशी सात गाण्यांची छोटी तबकडी विकायला आली, आणि जे लोकांकडे फुकट होते तेच विकत घ्यायला लोकांनी रांग लावली. तबकडी अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकावर उतरली. ग्रॅमीसाठी 'बेस्ट आय एव्हर हॅड'ला दोन नामांकने मिळाली. पारितोषिक हाती आले नाही, पण 2010 साली कॅनडाचा जूनो पुरस्कार या तबकडीला मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा पहिला पूर्ण अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर बसला.

सगळ्यांनीच कौतुक केले असे मात्र नाही. आमच्या नातीची तक्रार तीच त्या काळच्या पुष्कळ श्रोत्यांची होती. हा कसला रॅपर? हा तर मालिकेतला नट. हा कॅनडाचा. हा सुखवस्तू वस्तीत राहिलेला. रॅप म्हणजे गरीब गल्लीतल्या पोरांचे गाऱ्हाणे, आणि हा तर गातो काय, रडतो काय. थोडक्यात, 'तू आमच्यातला खरा नाहीस.' शाळेत म्हणत, तू खरा यहुदी दिसत नाहीस. मोठेपणी म्हणू लागले, तू खरा रॅपर दिसत नाहीस. बिचाऱ्याच्या पाठीमागे 'खरा का?' हा प्रश्न हात धुऊन लागलेला!

आता आमचे मत. नातवाने आम्हाला ती टेप ऐकवली. म्हणाला, "सव्ता, ही टेप माझ्या जन्माच्या आधीची आहे, तुझ्यासारखी जुनी!" इंग्रजी भराभर असल्याने सगळे कळले नाही. कळले त्यातले सगळे आवडले असेही नाही. शिव्या आहेत, बायकांविषयी बोलणे कधीकधी हलके आहे. आम्ही नातवाला स्पष्ट सांगितले की ते शब्द शब्बातच्या टेबलावर आणायचे नाहीत. पण एक गोष्ट मनाला लागली. या पोराने कोणाच्या दारात जाऊन 'मला खरा म्हणा' अशी विनवणी केली नाही. आपले काम बरे-वाईट जसे होते तसे लोकांपुढे फुकट ठेवले आणि म्हटले, ऐका. निवाडा ऐकणाऱ्यांनी केला.

आम्ही हे मोठ्या थाटात नातवाला सांगत होतो. तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "गाण्याचं ठीक आहे गं. गाणं फुकट वाटता येतं. लग्न कसं फुकट वाटणार? तिथे दाखलाच लागतो."

आम्ही गप्प झालो. कारण ते खरे होते. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, मुलांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रबिनेटने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या. बेने इस्राएल मुलाला किंवा मुलीला इतर यहुद्यांशी लग्न करायचे असेल तर आधी आईची, आजीची, जमेल तितकी मागची पिढी तपासा. पिढ्यानपिढ्या कोकणात 'शमा' म्हणत राहिलेल्या लोकांना विचारले जात होते, तुमची आजी खरी यहुदी कशावरून? ड्रेकचे नशीब एवढे तरी की त्याच्या आईबद्दल कोणी विचारले नाही. आपल्याला नेमके आईबद्दलच विचारले.

आम्ही तेव्हा मुंबईत शाळेत होतो. इकडे आलेल्या नातेवाइकांची पत्रे यायची, आणि वडील ती वाचून घडी करून खिशात ठेवायचे, आम्हाला दाखवायचे नाहीत. इथली आपली माणसे मात्र स्वस्थ बसली नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी येरुशलेममध्ये धरणे धरले. गिरणीत काम करणारे, रस्ते बांधणारे साधे लोक, बायकामुलांसह उन्हात बसले. ऑगस्ट 1964 मध्ये केनेसेटची खास बैठक झाली आणि ठराव झाला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. त्यानंतर रबिनेटला सूचनांमधून आपल्या समाजाचे नाव काढावे लागले.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या. आपले काम निर्भयपणे लोकांपुढे ठेवावे, ते दाखल्याची वाट बघत थांबत नाही. पण जिथे दाखल्यावाचून माणसाचा संसार अडतो, तिथे तो हक्काने मागावा, उन्हात बसून मागावा. ड्रेकला पहिली गोष्ट पुरली. आपल्या वाडवडिलांना दुसरी करावी लागली, म्हणून आज आमचा नातू "मी का नसणार?" असे म्हणू शकतो.

नातवाने हे सगळे शांतपणे ऐकले. मग वही घेऊन आला. म्हणाला, "सव्ता, ऑगस्ट 1964 ना? नीट सांग. मी माझ्या द्रशात घालणार." आणि दरवाज्यापाशी जाऊन परत वळला, "त्या मुलालाही बोलावलंय मी बार-मित्स्वाला. येऊ दे, ऐकू दे." आम्ही फक्त मान हलवली. घशाशी काहीतरी आले होते.

मुलांनो, ड्रेकची आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी. मालिकेच्या कामापायी त्याचे हायस्कूल अर्धे राहिले होते. 2012 साली, नाव आणि पैसा सारे मिळाल्यावर, त्याने ते पुरे केले. तेव्हा गृहपाठ टाळायला त्याचे नाव सांगू नका!

आणि 2014 साली अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात त्याने आपल्याच बार-मित्स्वाचे सोंग केले. एकीकडे यहुदी नातेवाईक, दुसरीकडे कृष्णवर्णीय नातेवाईक, आणि मधे हा. ज्यावरून लहानपणी छळले त्याच गोष्टीवर त्याने सगळ्यांना हसवले.

आता वडीलधाऱ्यांसाठी एक विनंती. 'सो फार गॉन' ही फुकटची टेप दहा वर्षांनी, फेब्रुवारी 2019 मध्ये, इंटरनेटवरच्या गाण्यांच्या सेवांवर रीतसर आली आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या पाचांत गेली. म्हणजे जपून ठेवले तर जुनेही पुन्हा उभे राहते. आपल्या कपाटात काय आहे? मुंबईहून आणलेल्या कॅसेटी. कोणाच्या आईचे कीर्तन, कोणाच्या मामांनी म्हटलेले मलिद्याच्या वेळचे 'एलियाहू हन्नाबी', कोणाच्या घरून आलेले बोलके पत्र, ज्यात मागे कावळा ओरडतो आहे. आम्हीही मागच्या आठवड्यात एक कॅसेट काढली. फीत चिकटली होती. नातवाने पेन्सिल घालून हळूहळू फिरवली, आणि चाळीस वर्षांनी आमच्या आईचा आवाज घरात आला. पहिले वाक्य होते, "जेवलीस का गं?"

तेव्हा कॅसेटी बाहेर काढा. नातवंडांना हाताशी धरा, त्यांच्याकडून त्या संगणकात उतरवून घ्या, आणि उतरवताना त्यांना शेजारी बसवून सांगा की हा आवाज कोणाचा, हे गाव कुठले. फीत एकदा तुटली की मग तो आवाज कुठून आणणार?

पुढच्या अंकात भेटूच. तोवर सगळ्यांना शब्बात शालोम, आणि आमच्या नातवाच्या द्रशाला तुमचे आशीर्वाद असू द्या.